अप्पांची पाऊणकी

आरंभीच क्षमा मागते. एखाद्या माणसाविषयी लिहायला जे धारिष्ट लागते ते माझ्यापाशी नाही, आणि जी लेखणी लागते ती मी आयुष्यभर तांबड्या शाईतच बुडवली. अहमदपूरच्या एका शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. वडील लोह्याला कचेरीत शिपाई होते. आमच्या घरात वस्तीतल्या विहाराच्या वार्षिक अहवालापलीकडे कुणी काही लिहिल्याचे मला स्मरत नाही. तेव्हा या वयात हे धाडसच म्हणायचे. धीर येतो तो एवढ्याचसाठी, की ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांनी समुद्र कधीही पाहिला नव्हता, आणि तरी ते समुद्रावरच्या माणसांना सल्ला देत.

निवृत्तीनंतर मी लेकीजवळ लातूरला राहायला आले. तिथे एका संस्थेला पत्रके लिहायला मराठीचे माणूस हवे होते. बियाण्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर संस्थेचे कार्यालय होते. पूर्वी तिथून शेतकऱ्यांना फोनवर पेरणी-फवारणीचे सल्ले दिले जात. पुढे संस्थेकडे कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचेही काम आले. खुर्च्या होत्या, फोन होते, मराठी बोलणारी माणसे होती. तेव्हा समुद्राचे सल्लेही लातूरहूनच देणे सुरू झाले. रोज सकाळी सरकारकडून इंग्रजीतून माहिती येई. मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे, वारा किती, लाटा केवढ्या. मी ती एका पानात शुद्ध मराठीत उतरवी, आणि ते पान दिवसभर आठ जण फोनवर वाचून दाखवीत. मोठा इशारा असला तर त्याचाच मजकूर मच्छीमारांच्या मोबाइलवर मेसेज म्हणून जाई. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावातून हे चाले. त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. वाटले ते एकट्या अप्पांना.

अप्पा त्या आठांपैकी एक. उदगीरचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणे. साठी कधीच उलटलेली. उभा जन्म मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीच्या दुकानावर गेलेला. सौदा पुकारायला त्यांच्यासारखा आवाज पंचक्रोशीत नव्हता म्हणत. दुकान मुलांच्या हाती दिल्यावर घरात बसवेना म्हणून ते रोज सकाळच्या बसने लातूरला येत. निवड आवाजावर झाली होती. मासा त्यांच्या घरात सात पिढ्यांत शिजला नव्हता. पापलेट आणि बांगडा यांतला फरक त्यांनी प्रथम मला विचारला, कारण त्या खोलीत उघडपणे मासे खाणारी मीच होते.

"बाई, त्याला खवले असत्यात का न्हाई?"

मी सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

ती वही लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, मोंढ्यातली. आम्ही मच्छीमारांना काय सांगितले हे आमच्या संगणकात आपोआप नोंदले जाई. मच्छीमारांनी आम्हाला काय सांगितले हे मात्र कुठेच नोंदले जात नसे. अप्पांच्या वहीत नेमके तेच होते.

फोनवर बोलायची त्यांची एक तऱ्हा होती. पूर्वी मोंढ्यात उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून भाव ठरत. बघणाऱ्याला काही कळत नसे. ती सवय अप्पांच्या अंगात इतकी मुरली होती, की फोन आला की ते उपरणे डाव्या हातावर टाकीत आणि बोलता बोलता त्याखाली बोटे हलवीत राहत. काय मोजताय म्हणून विचारले, तर म्हणत, "मोजत न्हाई. समोरचा माणूस हाताला लागला पायजे ना!"

आम्हाला शिस्त अशी होती, की फोन घ्यायचा, गाव विचारायचे, पान वाचायचे, धन्यवाद म्हणायचे. ठरलेला वेळ संपला की पडद्यावरचा आकडा तांबडा होई. अप्पांचा आकडा सदैव तांबडाच.

"कोण बोलतंय? मासळी कुठं हाय तेवढं सांगा," पलीकडून कुणी घाईने म्हणे.

"सांगतो की मालक. आधी तुमची होडी केवढी ते तर सांगा."

"लहान हाय. का?"

"मग ही कागदावरची जागा तुमच्यासाठी न्हाई. लई लांब हाय. तिथवर जाऊन डिझेल दर्यात ओतायचं काय? बरं, आता तुमच्या दारापुढं काय दिसून राहिलं?"

"काय दिसनार? पानी!"

"पाणी आमच्याकडं दिसलं तर आम्ही फोटो काढून ठेवतो, मालक. नीट सांगा. कुणीकडून आलंय, कुणीकडं चाललंय?"

पलीकडचा माणूस आधी चिडे, मग हसे, आणि मग सांगू लागे. एका अर्ध्या तासाच्या फोनमध्ये त्यांनी जाळ्याच्या आसाचे, म्हणजे एकेका भोकाचे, माप विचारले, बाजारात मासळी बायकाच का विकतात ते विचारले, आणि किनाऱ्यावरच्या त्या गावातही प्यायचे पाणी टँकरने येते हे कळल्यावर ते इतके हरखले, की फोन खाली ठेवून मोठ्याने म्हणाले, "अय्यय्यो! एवढ्या पाण्याच्या काठाला बसून बी टँकर! आपलेच लोक हायत की हे!"

दुसऱ्या दिवशी ते त्याच माणसाला स्वतःहून फोन लावीत. मिळाली का मासळी? न्हाई? काऊन न्हाई? असे उलटे फोन करणे आमच्या कामात बसत नव्हते. आमचे साहेब तरुण, सभ्य आणि सदैव कुणाला तरी अहवाल पाठवण्याच्या चिंतेत असलेले गृहस्थ होते. ते म्हणत, "अप्पा, आपलं काम सांगायचं आहे."

अप्पांचे उत्तर ठरलेले असे. "इचारल्याशिवाय सांगायचं म्हंजे, साहेब, माल न बघता भाव पुकारायचा."

एकदा एसटीच्या पार्सलने त्यांच्या नावे एक पोते आले. उघडले तर सुके बोंबील. कुणा मच्छीमाराने प्रेमाने पाठवलेले. मे महिन्यातली दुपार, तिसरा मजला, बंद खिडक्या! अर्धी खोली नाक दाबून जिन्यात गेली. कुणी म्हणाले, टाका ते बाहेर. अप्पांनी उपरणे नाकाला लावले, पण पोत्याला हात लावू दिला नाही.

"माणसानं इज्जतीनं पाठवलंय. वास येतो तर येऊ द्या. आपल्या हिंगाचा वास त्याला येत नसंल काय?"

शेवटी ते पोते मी घरी नेले. लेकीने भाकरीबरोबर बोंबलाची चटणी केली, कालवण केले, शेजारी वाटले. पुढचा आठवडाभर अप्पा रोज सकाळी पहिला प्रश्न मला विचारीत. कसे लागले? खारट की नुसते उग्र? दातात अडकते का? मी सांगे आणि ते वहीत लिहीत. मग ज्याने पाठवले त्याला फोन करून, जणू स्वतः खाल्ल्यासारखे, तपशीलवार कौतुक करीत. खोटे मात्र बोलत नसत. "आमच्या बाईंनी खाल्ले, मालक, आणि त्यांच्या तोंडाकडं बघून माझं पोट भरलं," असे म्हणत.

मुलांनी एकदा त्यांना सहकुटुंब कोकणात न्यायचे ठरवले होते. अप्पा गेले नाहीत. मला नवल वाटले. एवढी जिज्ञासा असलेला माणूस, आणि समुद्र पाहायला नको? त्यांनी भाकरीचा तुकडा शेंगांच्या चटणीत घोळवला आणि म्हणाले, "बाई, एकदा बघितलं की वाटतं कळलं. मग इचारायचं राहून जातं. ज्याचं दार, त्यालाच ठाव असतं. म्या चार दिवस पाय भिजवून आलो तर लई शहाणा होईन आणि पोरांसारखा पान वाचायला लागंन."

हे मी इतक्या विस्ताराने सांगते आहे, कारण पुढची गोष्ट याच विचारण्यातून निघाली.

एके सकाळी एका म्हाताऱ्या मच्छीमाराने त्यांना भरती-ओहोटीचे गणित सांगितले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अप्पा खुर्चीतून उठलेच. "अरे, ही तर आपली पाऊणकी!" जुन्या व्यापाऱ्यांच्या मुलांना पाव, निम्मे, पाऊण यांचे पाढे पाठ करावे लागत. अप्पा टेबलाटेबलाशी जाऊन सांगू लागले, "चतुर्थीला चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहा वाजता भरती. दर्या मोंढ्याचं गणित करून राहिला, बाई!"

पण त्याच फोनमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती. ज्या गावांच्या होड्या खाडीत लागतात, त्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो. ओहोटीच्या वेळी तिथे गुडघाभरही पाणी राहत नाही. वारा असला तर लाट नेमकी तिथेच फुटते, आणि शिरू पाहणारी होडी उलटते. म्हणजे होडीने परत कधी यायचे हे वाऱ्यावर जितके, तितकेच त्या दाराशी पाणी असण्यावर अवलंबून असते. आमच्या पत्रकात वाऱ्याची, लाटांची, मासळीची ओळ होती. या दाराची ओळ नव्हती. ती नव्हती, कारण पत्रक लिहिणारीला ते ठाऊकच नव्हते. मी कोरड्या मुलखातली. किनारा म्हणजे किनारा, तो कुठे जातो, अशी माझी समजूत. तो दिवसातून दोनदा जातो आणि दोनदा येतो, हे माझ्या एकाही सुबक वाक्यात नव्हते.

अप्पांनी पुढचे दोन महिने फोनवर प्रत्येकाला दाराचे पाणी विचारले. वहीत गावामागून गाव भरले. कुठली खाडी कधी बंद होते, त्या वेळी आडोशाला जायला जवळचे खोल बंदर कोणते, त्या बाजूला बिनतारी यंत्र असलेली मोठी बोट कुणाची. मग एक दिवस त्यांनी मोंढ्यातल्या घोटीव अक्षरात एक कागद लिहून माझ्या टेबलावर ठेवला. पत्रकात एक ओळ वाढवावी, एवढेच त्यात होते. "परतण्याआधी आपल्या खाडीचे पाणी पाहा, पाणी नसेल तर जवळच्या खोल बंदरात जा." खाली सही.

"साहेब माझं ऐकत न्हाईत. म्या बोलतो लई," ते म्हणाले. "तुम्ही लिहिता. तुमच्या हातून गेलं तर जाईल. मला दुसरं कायबी नको, बाई. ही एक ओळ पायजे."

मी तो कागद ठेवून घेतला. योग्य वेळी, योग्य टिपण जोडून, योग्य मार्गाने पाठवीन म्हणाले. टिपणाचा मसुदा दोनदा केला. साहेबांच्या दारापर्यंत एकदा गेलेही. ते फोनवर होते, मी परत फिरले. नंतर वाटले, एका अडत्याच्या ऐकीव माहितीवर शासकीय मजकूर बदला असे मी कोण सांगणार? कागद खणात राहिला. अप्पा रोज विचारीत नसत. आठवड्यातून एकदा फक्त खणाकडे बघून म्हणत, "निघाला का हो आपला माल?" मी म्हणे, निघेल.

मासेमारीचा हंगाम संपायला थोडेच दिवस होते. त्या दिवशी त्रयोदशी होती. हे मला पक्के आठवते, कारण अप्पांचा प्रदोष होता आणि सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतले नव्हते. दुपारी बाराच्या सुमाराला तातडीचा इशारा आला. सायंकाळपासून वारा जोर धरणार. मी लगेच वाक्य तयार केले: "सर्व नौकांनी दुपारी चार वाजण्यापूर्वी किनाऱ्यावर परतावे." खरे सांगते, ते वाक्य मला आवडले होते. त्यात एक शब्द कमी नव्हता, एक जास्त नव्हता. साहेबांनी ते मंजूर केले आणि मेसेज गेला.

दीड वाजता अप्पांच्या फोनवर एक बाई आली. मासळी विकणारी. तिचा आवाज अप्पांनी यंत्राचे बटण दाबून मलाही ऐकवला.

"दादा, आमची होडी बाहेर हाय. घरधनी आनि दोघं दीर. आता त्याचा फोन आला, म्हनतो, मेसेज आलाय, चारच्या आत या, आम्ही निघालो. आनि फोन तुटला. आता लागत नाय."

"अक्का, गाव कुठलं?"

तिने गाव सांगितले. अप्पांनी उपरणे हातावर टाकले. त्याखाली बोटे हलली. "तेरा पाऊणे पावणेदहा," ते स्वतःशीच म्हणाले. पावणेदहाला भरती, चारच्या सुमाराला पुरी ओहोटी. त्यांनी वहीचे पान काढले.

"अक्का, चारला तुमच्या दारात पाणी किती?"

"तेच तर सांगते! गुडघाभर पन नाय. एरवी तो कधी येत नाय त्या टायमाला, बाहेर थांबतो. पन मेसेज सरकारचा हाय, घाबरलाय तो. वारा सुटला तर त्या तोंडावर होडी राहनार नाय, दादा."

 ज्या माणसाला स्वतःचे दार ठाऊक होते, त्याला माझ्या वाक्याने ते विसरायला लावले होते.

साहेब तोवर येऊन उभे राहिले होते. "अप्पा, पत्रकाबाहेर काही सांगू नका. आपण परत या म्हटलंय. येऊ नका म्हणालात आणि काही झालं तर जिम्मा कुणाचा?"

"माझा," अप्पा म्हणाले. मग फोनमध्ये, सौदा पुकारायच्या त्या आवाजात, "अक्का, ऐका. तुमच्या उत्तरेला डोंगराच्या आडोशाला जे खोल बंदर हाय, तिथं त्यांना वळवतो. आता फोन ठेवा. पण म्या फोन केला की उचला."

वहीतून त्यांनी एका तांडेलाचा, म्हणजे मोठ्या बोटीच्या प्रमुखाचा, नंबर काढला. मागे महिनाभर त्यांनी त्याच्याशी जाळ्याच्या गप्पा मारल्या होत्या. तो नुकताच त्याच बंदरात शिरला होता.

"मालक, मी लातूरचा."

"बोला, अप्पा! आज काय इचारायचंय?"

"आज इचारायचं न्हाई. आज मागायचं हाय."

त्या तांडेलाने बिनतारी यंत्रावरून बाहेरच्या बोटींना हाका घातल्या. एका बोटीने ती लहान होडी पाहिली, जवळ जाऊन ओरडून सांगितले. हे सगळे आम्हाला नंतर कळले. तेव्हा आम्हाला एवढेच दिसत होते, की अप्पा खुर्चीत ताठ बसले आहेत आणि उपरण्याखालची बोटे थांबली आहेत. चार वाजले. पाच वाजले. लातुरात पान हलत नव्हते. साडेपाचनंतर फोन वाजला. तीच बाई. 

"अक्का, एक शब्द सांगा. बंदरात?"

"बंदरात," ती म्हणाली.

अप्पांनी वहीत लिहिले, "आले. तिघे." मग हात धुतले, अंधार पडायच्या आत लिंगपूजा आटोपली, आणि डबा उघडून मला म्हणाले, "बाई, अर्धी भाकरी घ्या. तुम्ही बी सकाळपासून काय खाल्लं न्हाई." माझा उपास नव्हता. ते त्यांनाही ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. संभाषण ध्वनिमुद्रित होते. परत येण्याचा आदेश असताना, येऊ नका असे सांगितले, हा ठपका. साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. "मॅडम, पत्रकात काही उणीव होती का? याआधी कुणी तसं लक्षात आणून दिलं होतं का?"

अप्पा समोर बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा खणाकडे. मग खिडकीबाहेर पाहू लागले.

मी म्हणाले, "पत्रक नियमानुसार होते."

त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आले. निघताना त्यांनी सर्वांना नमस्कार केला, आपली पितळी तांब्या-फुलपात्राची जोडी पिशवीत घातली, आणि लाल वही माझ्या टेबलावर ठेवली. "उदगिरात हिचा काय उपेग? तिकडं दर्या न्हाई."

"अप्पा, तो कागद…" मी सुरुवात केली.

"राहू द्या. मोंढ्यात बी माल कधी कधी उशिरा निघतो," ते म्हणाले आणि जिना उतरले. या वाक्यात टोमणा होता की सांत्वन, याचा मी आजवर उलगडा करू शकले नाही. त्यांचा चेहरा आठवून पाहते. त्यावर नेहमीचे कुतूहलच होते, जणू माझ्याही दारापुढे आता काय दिसते आहे, हे त्यांना विचारायचे होते.

वर्षभराने मीही ते काम सोडले. आता तिथे यंत्राचा आवाज पान वाचतो. यंदाचा हंगाम संपता संपता मी त्या क्रमांकावर फोन लावून मुद्दाम ऐकला. वारा, लाटा, मासळी. शेवटी सर्व नौकांनी किनाऱ्यावर परतावे. वाक्य माझेच आहे. ओळ अजून नाही.

वही माझ्यापाशी आहे, आणि खणातला तो कागदही. घड्यांवर पिवळा पडला आहे, पण सही स्पष्ट दिसते. अप्पा उदगिरात आहेत, मुलाच्या दुकानात बसतात असे कळते. बस इथून दोन तासांची. संस्थेचा तिसरा मजला तर माझ्या घरापासून चालत जाण्याजोगा आहे. पावसाळा संपला की होड्या पुन्हा बाहेर पडतील.

वाचकहो, तुम्हीच सांगा. हा कागद घेऊन मी आधी कुठे जाऊ?